वारंवार म्हणजे किती

ठवकरबाईंच्या ॲप्रनच्या खिशात एक तांबडी पेन्सिल असायची. ती खास माझ्यासाठीच विकत आणली असावी, असा माझा पहिले सहा महिने समज होता. पुढे कळलं की पेन्सिल जुनीच होती. माझ्यामुळे ती फक्त लवकर संपली.

सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. पारशिवनीकडच्या एका खेड्यातून मी नागपूरला, एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला आलो होतो. आलो म्हणजे काय, तर कंपाउंडरच्या कोर्साचा अर्ज मुदतीनंतर पोचला आणि हा मुदतीत पोचला, एवढंच. वर्गात सगळ्या मुली. मुलगे दोन, त्यातला एक दिवाळीला घरी गेला तो परत फिरकला नाही. इकडे मायनं गावात 'पोरगा डॉक्टरकी शिकून राहिला' असं सांगून ठेवलेलं. एकदा सोयरिकीला आलेल्या पाहुण्यानं खोदून विचारलं, तेव्हा बाप बोलून गेला, "नर्स आहे." पाहुणा चहा न पिता उठला.

ठवकरबाई आमच्या सिस्टर ट्यूटर. बुटक्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीचं पांढरं पातळ आणि पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. शिकवायच्या पुष्कळ, पण जीव एकाच गोष्टीत अडकलेला. केअर प्लॅन. प्रत्येक रुग्णासाठी आम्ही एक कागद करायचा, त्याला चार रकाने: त्रास काय, ध्येय काय, त्यासाठी आम्ही काय करणार, आणि शेवटी परिणाम काय झाला. ही पद्धत तेव्हा नवी होती. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर तिला 'ठवकरबाईंची रांगोळी' म्हणत आणि पाय लागणार नाही अशा बेतानं तिच्या बाजूनं जात.

पक्का कागद इंग्रजीत लागे; इथे तो मराठीतूनच सांगतो. पण बाई आधी कच्च्या वहीत मराठीतून लिहून घ्यायच्या. म्हणत, "इंग्रजीत खोटं लिहाले सोपं जाते गा. आपल्या भाषेत लिहिलं का लाज वाटते."

माझं पहिलं ध्येय मला अजून पाठ आहे. 'रुग्णाला बरे वाटेल.' अक्षरसुद्धा चांगलं काढलं होतं. बाईंनी वही वर्गासमोर धरली.

"भोयर, बरं म्हणजे किती?"

"चांगलं बरं, बाई."

मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. "तुले आज कसं वाटून राहिलं?"

"बरं वाटून राहिलं."

"अन् काल?"

"कालही बरंच होतं, बाई."

"काल तू ताप आहे म्हणून ड्यूटीवर आला नाहीस."

काल मी सीताबर्डीला मॅटिनी पाहिली होती. त्यांना ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी शांतपणे वाक्यावर तांबडी रेघ ओढली आणि हात वर केला. चार बोटं. कोण करेल, काय करेल, किती करेल, कधीपर्यंत करेल. अंगठा निराळा राखलेला. "हा मागून जाऊन पाहाले. झालं का नाही झालं. अंगठा नसला तं चार बोटानं काही धरता येत नाही."

ही बोटं त्यांची दवाखान्याबाहेरही उभीच असत. रिक्षावाल्याला कधी 'जरा पुढे घे' म्हणायच्या नाहीत. "तिसऱ्या खांबापाशी थांब." गेटासमोरच्या टपरीवर चहा 'थोडा' कधी मागितला नाही, अर्धा कप, साखर दीड चमचा. टपरीवाला त्यांना पाहिलं की चमचा धुऊन हातात घेऊन उभा राहायचा. त्या अशा का झाल्या याबद्दल हॉस्टेलवर तीन कथा प्रचलित होत्या. तिन्ही मी रचलेल्या असल्यामुळे इथे देत नाही. खरं एवढंच, की लग्न केलेलं नव्हतं आणि बहिणीची मुलगी शोभा त्यांच्याकडे राहून शिकत होती.

वॉर्डात चालण्याचं माप फरशी. पलंगापासून दारापर्यंत दगडी फरशा होत्या, दीड फुटाच्या. 'रुग्ण हिंडू-फिरू लागेल' असं लिहिलं की खोडलं. 'रुग्ण उद्या सकाळी दहापर्यंत, एका माणसाचा हात धरून, चार फरशा चालेल' हे राहिलं. आणि चौथ्या फरशीवर बाई स्वतः जाऊन उभ्या राहायच्या. हातबित पुढे करायच्या नाहीत. नुसत्या उभ्या. "पेशंटले जायचं कुठं आहे ते दिसलं पाहिजे," म्हणायच्या.

हर्नियाचं ऑपरेशन झालेला एक पहेलवान होता. चार फरशा ऐकून त्याचा अपमान झाला. "बाई, मी आखाड्यात दोनशे बैठका मारतो. चार फरशा म्हणजे मजाक झाली ना." उठला, आणि तिसऱ्या फरशीवर घामानं डबडबून माझ्या गळ्यात पडला. मला वाटलं आता ऑपरेशन माझं होतं. त्याला खुर्चीत बसवलं. बाई परिणामाच्या रकान्यात 'तीन' लिहायला लागल्या, तसा तो काकुळतीला आला. "चार लिहा ना, बाई. एकानं काय होते."

"चौथ्यावर मी उभी होते, पहेलवान. तुमी आले नाही. उद्या येजा."

दुसऱ्या दिवशी तो पाच फरशा गेला आणि बाईंना चौथीवरून बाजूला सरकावं लागलं. तेव्हा त्या हसलेल्या मी पाहिल्या. एकूण दोनदा पाहिल्या, त्यातलं हे पहिलं.

दुसऱ्याकडे येतो, पण त्याआधी नथ्थूजी.

नथ्थूजी इतवारीकडचे. जन्मभर हातमागावर लुगडी विणलेला माणूस. डाव्या अंगावरून वारं गेलेलं, हात-पाय दोन्ही लुळे, पण बोलणं शाबूत आणि डोकं लख्ख. पुरुषांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर ते आले आणि माझ्या वाट्याला आले. मी ताबडतोब ध्येय लिहिलं, 'रुग्ण पंधरा दिवसांत चालू लागेल.' चारही बोटं त्यात बसत होती. मी खुशीत होतो.

बाईंनी ते वाचलं. "ध्येय कोणाचं आहे हे? तुझं का त्याईचं?"

"त्याईचं, बाई."

"विचारलं का त्याईले?"

विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नव्हतं. गेलो आणि विचारलं, काका, तुमाले काय पाहिजे. नथ्थूजींनी सांगितलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते ना जी. आमच्या घरासमोरूनच जाते. ओट्यावर बसून पाहतो मी, लहानपणापासून. एक साल चुकलं नाही. चालाचं राहू द्या. बसता आलं पाहिजे."

नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो: काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड मारबती, म्हणजे पुतळे, मिरवत नेतात, आणि गावातली रोगराई घेऊन जा म्हणून लोक त्यांच्या नावानं ओरडतात. पोळ्याला अठरा दिवस होते. बाई स्वतः खाटेपाशी आल्या, विचारलं, मिरवणूक घरासमोरून जायला किती वेळ लागते? नथ्थूजी म्हणाले, अर्धा तास धरा. मग कागदावर आलं, 'मारबतीच्या दिवशी सकाळी नथ्थूजी ओट्यावर, पाठीला लोड घेऊन, अर्धा तास बसतील.'

"असं पाहिजे," नथ्थूजी मला म्हणाले. "नऊवारी म्हटलं तं नऊच वार. बोटभर कमी भरलं तं लुगडं परत येते. बाई आमच्या धंद्यातल्या आहेत."

रोज बसवायला लागलो. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग चार. नथ्थूजी माझ्या घड्याळाकडे बघत. पण ध्येयाखाली तिसरा रकाना असतो, आम्ही काय करणार त्याचा. लकव्याचा रुग्ण तासन् तास एकाच बाजूला पडून राहिला की माकडहाडापाशी कातडी मरते आणि जखम होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. मला हे माहीत होतं. परीक्षेत लिहून त्याचे मार्क मिळवले होते. पण नथ्थूजींचा कागद केला त्या दिवशी सहा रुग्णांचे कागद पुरे करायचे होते, आणि मी लिहिलं, 'वारंवार कूस बदलणे.'

दुसऱ्या दिवशी बाईंचा चष्मा सीताबर्डीच्या दुकानात दांडी बसवायला गेलेला. ही बातमी हॉस्टेलवर नाश्त्याच्या आधी पोचली होती, आणि सह्या घ्यायला इतकी रांग मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. रांगेत पहिला मी. मी कागद भरभर वाचून दाखवला. "कूस बदलणे, पाठीला स्पिरिट लावणे, पावडर..."

"कूस किती वेळानं?" बाईंनी विचारलं.

"लिहिलं आहे, बाई."

त्यांनी सही केली.

रांगेतून बाहेर आल्यावर मी मुलींकडे बघून भुवया उडवल्या होत्या. ते मला आठवतं.

नंतर चार दिवस माझी ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात लागली. अकरा नंबरच्या खाटेपाशी एकामागून एक पाळ्या आल्या, प्रत्येकीनं कागद वाचला. एकीला वारंवार म्हणजे पाळीत दोनदा वाटलं. एकीला वाटलं रुग्ण सांगेल तेव्हा. आणि नथ्थूजी सांगणारे नव्हते. कोणी विचारलं तर म्हणत, "राहू द्या जी, तुमाले कामं आहेत." कोणी कामचुकार नव्हतं. सगळ्यांनी कागदाप्रमाणेच केलं.

पाचव्या दिवशी मी परत आलो, त्यांना कुशीवर केलं आणि पाहिलं.

बाईंना बोलवायला गेलो तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "बाई, लिंबाएवढी."

"लिंबं लहानमोठी असतात," त्या उठत म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

त्यांनी जखम पाहिली. मग खाटेच्या पायथ्याचा कागद काढला आणि नवी दांडी बसवलेल्या चष्म्यातून वाचला. माझा शब्द आणि खाली त्यांची सही. मी वाट पाहत होतो. मला ओरडा खायचा होता. ओरडा खाल्ला की एक गोष्ट संपते, हा माझा शाळेपासूनचा अनुभव. बाईंनी खिशातून पट्टी काढून माझ्या हातात दिली.

"मोज."

लांबी चार सेंटिमीटर. रुंदी तीन. खोली कापसाच्या काडीनं मोजायची, तिथे माझा हात थांबला. बाईंनी माझं मनगट धरलं नाही, की पट्टी परत घेतली नाही. उभ्या राहिल्या. मी मोजलं आणि लिहिलं. 'वारंवार' खोडून 'दर दोन तासांनी' लिहिलं, समोर वेळा मांडल्या. माकडहाडावर जखम म्हणजे बसणं बंद, हे मला सांगावं लागलं नाही. नथ्थूजींना सांगावं लागलं. ते बाईंनी सांगितलं.

"चूक आमची आहे, नथ्थूजी. तुमची कूस वेळेवर बदलली नाही. आता बसता येणार नाही."

"मारबतीलेही नाही?"

"नाही."

नथ्थूजींनी मान हलवली. थोड्या वेळानं मला म्हणाले, "विणताना सूत तुटलं का तेव्हाच गाठ मारा लागते जी. पुढे गेलं का मग दिसते." बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. बरं म्हणजे किती, ते मी सांगू शकतो.

मेट्रनकडून विचारणा आली. मी बाईंच्या खोलीत गेलो, म्हटलं, मी जाऊन सांगतो की वाचून दाखवताना मी...

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "चष्मा नव्हता तं सही कराची नव्हती. तू वेळेवर कूस बदलाले जा. दहा वाजून राहिले."

त्यांची एक वेतनवाढ अडकली असं नंतर कानावर आलं. त्यांनी स्वतः तो विषय काढला नाही. वर्गात माझ्या वह्या पूर्वीसारख्याच खोडत राहिल्या, ना एक रेघ जास्त, ना कमी.

रोज सकाळी जखम मोजायची. चार. साडेचार. पाच. रोज बाई विचारायच्या, "आज किती?" आणि मला आकडा तोंडानं सांगावा लागायचा. एकदा मी साडेपाचच्या जागी पाच म्हणालो. त्या जाऊन स्वतः मोजून आल्या आणि कागदावर साडेपाच लिहिलं. त्यानंतर मी कधी कमी सांगितलं नाही.

मारबतीच्या दिवशी सकाळी त्यांनी मला वॉर्डातून मोकळं केलं. "जा, पाहून ये. अन् येऊन त्याईले सांग. नीट पाह्यजो. मस्त होती म्हणून सांगाचं नाही."

मी गर्दीत घुसून पाहिली. नथ्थूजींच्या घरापुढे उभा राहून पाहिली. परत येऊन सांगितलं: पिवळी इतकी उंच की विजेची तार काठीनं उचलावी लागली. काळी मागून पाव तासानं आली. डोळे असे, हात असे. नथ्थूजी डोळे मिटून ऐकत होते. मग विचारलं, "आमच्या ओट्यावर कोण होतं?"

ओट्यावर माणसं मावेनात अशी त्या दिवशी सगळ्या गल्लीची अवस्था होती. त्यांचा एकच ओटा रिकामा होता. त्यांच्या बायकोनं त्यावर धुतलेली सतरंजी अंथरली होती, भिंतीशी लोड ठेवला होता, आणि ती स्वतः दारात उभी राहून कोणालाच तिथे बसू देत नव्हती.

मला खोटं सांगावंसं वाटलं. पण बाई औषधाच्या ट्रॉलीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी आहे तसं सांगितलं.

"लोड ठेवला होता?" नथ्थूजी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांना ताप चढला आणि नवव्या दिवशी सकाळी ते गेले. जखमेचं विष अंगात भिनलं होतं. कागद पुरा करायचा असतो. परिणामाच्या रकान्यात मी 'ध्येय साध्य झाले नाही' लिहून बाईंकडे नेलं. त्यांनी वाचलं आणि तांबडी पेन्सिल माझ्या हातात दिली. "काहून झालं नाही, ते लिहा लागते." मी लिहिलं. माझ्या नावासकट लिहिलं. त्यांनी खाली सही केली आणि चष्मा काढून पुसत बसल्या, पुष्कळ वेळ.

मी पास झालो, त्याच दवाखान्यात ब्रदर म्हणून लागलो. लग्नही झालं, सासऱ्यांनी चहा पूर्ण प्यायला. बाई निवृत्त झाल्या. पाच-सहा वर्षं गेली. एक दिवस शोभा वॉर्डात शोधत आली. मावशीच्या पोटात गाठ होती, डॉक्टरांनी पोट उघडून पाहून तसंच पुन्हा शिवलं होतं.

सक्करदऱ्याजवळ दोन खोल्या. मी बुधवारी गेलो. बाई पलंगावर, होत्या त्याच्या निम्म्या. उशाशी भिंतीला कागद टाचलेला, चार रकाने आखलेले.

"ये भोयर. लिहून दे, हात कापते माझा." आणि त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. रविवारी दुपारी चार वाजता बाई पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत, सात फरशा, शोभाचा एक हात धरून चालेल.

"बाई, सात जास्त होतात," मी म्हणालो. "चार ठेवू."

"दार सातव्या फरशीवर आहे गा. चौथीवर काय आहे?"

मी तिसऱ्या रकान्याशी थांबलो.

"लिही. भोयर सातव्या फरशीवर उभा राहील."

निघताना मी सवयीनं म्हणालो, "येतो बाई लवकर." त्यांनी नुसतं पाहिलं. मी परत वळलो आणि कागदावर माझ्या नावापुढे 'रविवार, ४' लिहिलं. तेव्हा त्या हसल्या. हे दुसरं.

रविवारी सासुरवाडीला जेवण होतं. सावजी रस्सा, वर भात. सासरे म्हणाले, जरा आडवे व्हा. मी म्हणालो, चारला जायचं आहे, अर्धा तास फक्त पडतो. उठलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते, बायकोची भावंडं टीव्हीसमोर बसली होती, आणि कोणाचाच काही दोष नव्हता. मग वाटलं, आता कशाला, उद्या सकाळी जाऊ, दोनची ड्यूटी आहे. उद्या सकाळी म्हणजे किती वाजता, तेही ठरवलं नाही.

सोमवारी पोचलो तेव्हा अकरा होत आले होते. शोभानं दार उघडलं आणि बाजूला झाली. दारापासून पलंगापर्यंत मी फरशा मोजल्या. सातच होत्या.

भिंतीवरच्या कागदाच्या शेवटच्या रकान्यात वाकडंतिकडं, वर-खाली गेलेलं अक्षर. शोभाचं नव्हतं. 'सात फरशा. ४ वाजून ७ मि. ध्येय साध्य.' त्याखाली आणखी एक ओळ, कारण तिसऱ्या रकान्याचाही परिणाम लिहावा लागतो. 'दारात कोणी नव्हते.'

बाईंचे डोळे मिटलेले होते. मी म्हणालो, "बाई, काल..."

"आज सोमवार आहे," त्या म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत. मग म्हणाल्या, "पाठ दुखून राहिली. कुशीवर कर मले."

मी एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घातला, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, आणि त्यांना डाव्या कुशीवर केलं. वजन असं काही नव्हतंच. पातळ सरळ केलं, पाठीमागे उशी लावली. आता तोंड भिंतीकडे, कागदाकडे, आणि माझ्याकडे फक्त पाठ, पोलक्याखाली मणका न् मणका दिसणारी.

घड्याळात पाहिलं. कागदावर लिहिलं, 'डावी कूस, ११ वाजून १० मि. पुढची, १ वाजून १० मि.' माझं नाव लिहिलं. शोभाला म्हटलं, पाणी नको, काही नको. खुर्ची पलंगाशी ओढली, आणि एक वाजून दहा मिनिटं व्हायची वाट बघत बसलो.